तांबड्या गिटारीचे एकवीस पडदे

अप्पा,

मी गिटार घेतली. विजेवर वाजणारी, परदेशी, तांबडी, वयानं माझ्याएवढी. गेल्या महिन्यात पापनाशमला गेले, घेतली आणि बसमधून मांडीवर ठेवून घरी आणली. कंडक्टरनं लांबट पेटीकडे पाहून विचारलं, "काय अम्मा, वीणै का?" मी म्हटलं, "नाही, गिटार. माझी." 'माझी' जरा जास्तच ठसक्यात म्हणाले असेन, कारण पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. बघू देत. किंमत इथं लिहीत नाही, नाहीतर भिंतीवरच्या फोटोतून खाली उतराल. निवृत्तीचे पैसे माझे होते आणि विचारायचं असं कुणी उरलं नव्हतं. अण्णा तेवढा बोलला. तुमचा लाडका लेक आता तुमच्या दुकानात बक्षीस म्हणून द्यायच्या वीतभर वीणा विकतो, ज्यांनी वाजावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. तो म्हणाला, "साठ जाहली तुला, अन् आता गिटार? लोक हासतील की!" मी म्हटलं, "हासू दे. तुझ्या वीणांहून तरी ही वाजते."

हे मी नागरी अक्षरांत लिहिते आहे, जी तुम्हाला येत नव्हती. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत जन्मभर मराठी बोललात, पण वाचायची वेळ आली की तमिळच. मी ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत जाता-येता बसमध्ये रोजचे जे दोन तास काढले, त्यांत आधी हिंदीच्या परीक्षा दिल्या आणि मग पुण्याकडची मासिकं वाचत ही पुस्तकी मराठी शिकले. "पुण्याची बाई आली," म्हणून तुम्ही थट्टा करायचात. आता ती पुण्याची बाई बोलणार आहे आणि तुम्हाला मध्येच हात वर करून "पुरे" म्हणता येणार नाही. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढी वर्षं मी तुमच्याविषयी चारचौघांत चांगलंच बोलत आले. लोकांना तेच ऐकायचं असतं आणि मलाही तेच सोपं पडत होतं.

तुम्ही वीणा घडवत नव्हता, घडवणारे वेगळे होते. फणसाच्या लाकडाची वीणा तयार होऊन आली की तिच्या दांडीवर मेणाचे दोन बांध घालायचे आणि त्यांत पितळेचे चोवीस पडदे एकेक करून बसवायचे, प्रत्येकाची जागा कानानं ठरवायची, हे तुमचं काम. त्यासाठी मेण, कोळशाची पूड आणि राळ एकत्र कढवून काळा गोळा करायचात. स्वयंपाकघरातली मागची चूल त्यासाठीच होती आणि आमच्या सांबाराला कायम राळेचा वास यायचा. मी नऊ वर्षांची असल्यापासून तार छेडायला तुमच्यासमोर बसते आहे. तुम्ही पडदा मेणात दाबता, मी तार छेडते, तुम्ही विचारता, "लागलं?" मी म्हणते, "केसभर वर." तुम्ही केसभर वर सरकवता. कधी स्वतःचा कान लावून खात्री करून घेत नाही, आणि मला वाटतं की जगात माझ्या कानावर एवढा विश्वास ठेवणारं दुसरं कुणी नाही.

मग एक दुपार आहे. मी बारा वर्षांची. कुंभकोणमच्या एका बाईंची वीणा तयार होते आहे आणि शेवटचा पडदा उरलाय. तुम्ही उठून हात धुता, माझ्या हातात तो पडदा देता आणि म्हणता, "बसव." मी बसवते. मेण निवायला लागतं, तरी तुम्ही हात पुढे करत नाही. बाई येतात, वाजवून बघतात, खूश होऊन जातात. तुम्ही त्यांना काही सांगत नाही, मला तेवढं म्हणता, "कोण्हास कळलं नाही, पाहिलंस?" कुणालाही न कळणं हीच त्या कामातली शाबासकी होती. त्या दिवसापासून मला ठाऊक होतं की मी काय होणार आहे. अण्णाला दुकान देणार हेही ठाऊक होतं, पण मला दुकान नको होतं. मला मेण हवं होतं.

तो गिटारवाला आपल्याकडे आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मद्रासला सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवायचा, मूळचा पापनाशमचा. ही तांबडी गिटार त्यानं तुमच्या पाटापुढं ठेवली आणि आपली अडचण सांगितली. गिटारीचे पडदे मानेतच रुतलेले असतात, तार खाली दाबायला खोलीच नाही, मग सूर झुलवणारं गमक येणार कुठून? वीणेसारखे उंच पडदे मेणावर बसवून द्या, एवढंच त्याचं मागणं. तुम्ही ती गिटार हातातसुद्धा घेतली नाही. "पोट नाही, भोपळा नाही. करंट गेला की मुकी," तुम्ही म्हणालात, "हे वाद्य नव्हे, इस्त्रीपेट्टी. लाँड्रीत न्या." अण्णा खो खो हसला. तो भला माणूस नमस्कार करून निघाला. मला तुमची लाज वाटली, आणि ती वाटल्याचीही लाज वाटली. टायपिंगच्या क्लासला जाते म्हणून मी बाहेर पडले आणि बस स्टँडवर त्याला गाठलं.

पुढच्या आठवड्यातल्या दोन दुपारी मी पापनाशमला त्याच्या स्वयंपाकघरात बसून ते काम केलं. मेण तुमच्याच डब्यातलं. जुने पडदे उपटले, घोडी उंच केली, अरुंद मानेवर दोन बारीक बांध घातले आणि एकवीस पडदे बसवले. गिटारवाला तार छेडत होता आणि मी स्वतःच ऐकून स्वतःच सरकवत होते. त्याची बायको दर अर्ध्या तासानं काम थांबवायला लावून मला काही ना काही खायला घालत होती. काम झालं तेव्हा त्यानं तार दाबून एक लांब गमक घेतलं आणि वीज असलेल्या त्या लाकडातून कल्याणी राग निघाला. खरा कल्याणी. तो म्हणाला, "मद्रासला असे दहा जण हात जोडून तुझ्यापुढे उभे राहतील. ये तू. आमच्याकडेच राहा." बायकोनंही मान डोलावली. घरी परत येताना मी बसमध्ये बसलेच नाही, जागा असून उभी होते. मला बसवतच नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मी सांगणार. काम झाल्यावर दोनच दिवसांनी जत्रेत त्याचा कार्यक्रम होता, रस्त्यावर मोठं स्टेज घातलं होतं. मी बायकांच्या गर्दीत पुढे बसले होते. त्यानं वाजवायला सुरुवात केली आणि मागची पोरंही पुढे सरकली. मग मी वर पाहिलं. त्याच्या डोक्यावर चार हॅलोजन लावलेले होते. अप्पा, वीणा मांडीवर घेऊन चटईवर बसून वाजवतात, पंखा मंद करून. उभ्या माणसाच्या छातीवर, दिव्याच्या झोतात मेण असेल, हा विचार आपल्या गल्लीत जन्मलेल्या कुणाच्याही डोक्यात आला नसता. माझ्याही आला नाही. आधी एक पडदा सरकला, सूर वाकडा झाला. त्याला वाटलं तार उतरली, म्हणून त्यानं खुंटी पिळली. मग दुसरा, मग पाच-सहा एकदम. लोकांनी शिट्ट्या घातल्या. तो काळी झालेली बोटं पँटला पुसत उभा राहिला, पण कुणी केलं म्हणून विचारल्यावर त्यानं माझं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णानं ती गोष्ट नकलांसकट सांगितली. तुम्ही हसला नाहीत. मेणाचा डबा उघडून पाहिलात आणि मला म्हणालात, "नखं दाखव." माझ्या नखांत काळं होतं. तुम्ही ओरडला असतात तर मीही ओरडले असते. तुम्ही अगदी हळू म्हणालात, "तुझ्या हाताला मेण कळेना. हितून पुढं कान दे, हात देऊ नको." अण्णा दारात उभा होता आणि आई चुलीपाशी.  मी मद्रासला गेले नाही. जाऊन काय करणार होते? ज्या हाताला मेण कळत नाही तो हात घेऊन तिथं कुणापुढे उभी राहणार? मी टायपिंगची परीक्षा खरोखरच दिली, कचेरीत लागले, आणि सकाळी बसच्या आधी आणि संध्याकाळी बसनंतर तुमच्यासमोर बसून तार छेडत राहिले. "लागलं?" "केसभर खाली." चौदा-पंधरा वर्षं, तुम्ही जाईपर्यंत. मेणाला हात लावला नाही. तुम्ही गेल्यावरही नाही. एकदा अण्णाकडं काम अडलं होतं तेव्हा तो म्हणाला, "तू तरी पाहा की," तर मी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

आता गेल्या महिन्यातलं. त्या गिटारवाल्याच्या बायकोचा दुकानात फोन आला, अण्णानं नंबर दिला. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. गिटार विकायची होती. चेन्नईचा एक जण जुन्या गिटारी जमवतो, तो बघून गेला होता. ही म्हणे फार थोड्या बनल्या, आणि या तांबड्या रंगातली तर आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याची अट एकच: मानेवर ते काळं काय थापलंय ते काढून टाका, मान मूळची करून घेतो, मग घेईन. म्हणून तिनं विचारलं, "कण्णा, बाळा, तू येऊन ते मेण खरवडून देशील का?" माझंच पाप मला निस्तरायला बोलावत होती. मी 'सरी', बरं, म्हटलं. मला वाटलं, बरंच झालं, एकदाचं संपवून येऊ.

चेन्नईवालाही त्या दिवशी आला होता. हातात सुती मोजे, खिशात छोटा टॉर्च. त्यानं पेटी उघडली. मी पाहिलं आणि म्हटलं, "हे मी केलेलं नाही." मी बांधाच्या कडा सरळ कापल्या होत्या, घाईत दुसरं काही जमणारही नव्हतं. या कडांवर बारीक कमानी कापलेल्या होत्या, एकासारखी एक. तशा कमानी आख्ख्या तंजावरात एकच माणूस कापायचा. मी गिटारवाल्याच्या बायकोकडं बघितलं. ती खाली बघत म्हणाली, "तुझ्या वडिलांनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं. पण आता तेही नाहीत आणि हेही नाहीत."

तिच्याकडून कळलं ते असं: जत्रेनंतर दुसऱ्या शुक्रवारी तुम्ही पापनाशमला गेलात. छत्री घेऊन, कॉफीसुद्धा न घेता. तिची चूल मागितलीत, दिवसभर बसलात आणि सगळे पडदे नव्यानं बसवलेत. तिला आठवतं, तुम्ही म्हणालात की मेण बरोबर होतं, फक्त दिव्यापुढं राळ दुप्पट हवी होती, एक मूठ जास्त. मग गिटारवाल्याला वाजवायला लावलंत आणि तासभर डोळे मिटून ऐकलंत. त्यानं विचारलं, पोरीला सांगू का, तिची कल्पना खरी ठरली म्हणून? तुम्ही म्हणालात, "वेण्डाम, नको. कळलं तर ती मद्रासला जाईल. मला उजव्या कानानं आताशा ऐकू येईना. ती गेली तर माझ्यासाठी ऐकणार कोण?" नंतर तो बावीस वर्षं या पडद्यांवर वाजवत होता, अप्पा. स्टेजवर, दिव्यांत. दर दोन वर्षांनी मेण डागडुजीला तुमच्याकडेच आणायचा, मी कचेरीत असताना. तुम्ही गेल्यावर त्यानं तसंच चालवून घेतलं.

मला राग आला. आता लिहितानाही येतो आहे. तुमचा कान गेला होता, हे मला सांगितलं असतंत तर मी राहिलेच असते. न सांगता, हात बांधून ठेवायची काय गरज होती? त्या कामात चूक काय ते तुम्हाला एका नजरेत कळलं होतं, मूठभर राळ, आणि ती मूठ तुम्ही चाळीस वर्षं माझ्यापासून लपवलीत. मी त्या ओट्यापाशी उभी राहून रडले नाही. तिला वाटलं मला भरून आलं आहे. ती म्हणाली, "बघ, किती प्रेमानं केलंय, ही आठवण तूच खरवडून घरी ने." मी म्हटलं, "आठवण नको. गिटार किती?" तिनं चेन्नईवाल्याकडं पाहिलं. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला कल्पना नाही ही काय चीज आहे. मी म्हटलं, "मला कल्पना आहे. मी हिचे पडदे बसवले होते." तिनं गिटार मला दिली. त्यानं देऊ केले होते त्याहून मी पैसाभर कमी दिलं नाही, हे तुमच्या कानावर असू दे. ती कॉफी करायला वळली आणि मी बसून सगळी कॉफी प्याले.

चेन्नईवाल्याचा नंतर दोनदा फोन आला. मी मेण नव्यानं घालणार आहे हे ऐकून त्याचा जीव कासावीस झाला. "मूळ मान मिळू शकते मॅडम. निदान आहे तसं तरी ठेवा, तो इतिहास आहे." मी म्हटलं, "आहेच. माझा आहे." अण्णानंही सांगून पाहिलं, अप्पांच्या हातचं आहे, खरवडू नको, काचेत ठेवू, दुकानात गिऱ्हाइकास दाखवू. मी त्याला राळ आणायला पाठवलं. मागची चूल आता नाही, गॅसवर केलं. मेण, कोळशाची पूड, आणि राळ मी दुप्पट नाही, दुपटीहून थोडी जास्त घातली, कारण आताचे दिवे तेव्हापेक्षा तापट आहेत. चाळीस वर्षांनी गोळा मळायला घेतला तेव्हा मला भीती होती की बोटं विसरली असतील. विसरली नव्हती. अप्पा, माझ्या हाताला मेण कळतं. तेव्हाही कळत होतं.

तुमचे पडदे मी काढले. एकेक छेडून, ऐकून, मग काढले. बरेच हलले होते, कुणी केसभर, कुणी दोन केस. तुमच्यानंतरच्या उन्हाळ्यांनी हलले की तुमच्या उजव्या कानानं तसेच बसवले होते, हे आता सांगता येत नाही, आणि मी तुम्हाला सवलत दिली नाही. कमानी खरवडल्या, त्या चुऱ्यासारख्या खाली पडल्या, मी झाडून टाकल्या. माझे बांध सरळ आहेत, आता मुद्दाम सरळ. काम झाल्यावर लग्नाच्या मांडवाला दिवे लावणाऱ्याकडून एक हॅलोजन मागून आणला, गिटार खुर्चीला उभी टेकवली आणि भर उन्हात, खिडक्या लावून, तासभर दिवा मानेवर धरला. अण्णा घाम पुसत बघत होता. एकही पडदा हलला नाही. मग मी वाजवलं. मला गिटार येत नाही, वीणेची बोटं आहेत, तीही गंजलेली. पण कल्याणी निघाला. अण्णा म्हणाला, "बरं वाजतंय की." त्याच्या तोंडून मला एवढं पुरे. येत्या वर्षी चेन्नईला जाऊन येणार आहे. गिटारवाल्याच्या ओळखीतल्या एकानं त्याच्या मुलीची गिटार दाखवायला बोलावलं आहे. साठी उलटल्यावर जाते आहे, तर काय झालं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, जाळायचंही नाही. अण्णाला नागरी येत नाही, तेव्हा गिटारीच्या पेटीतच राहील. एकच गोष्ट राहिली, ती अण्णालाही सांगितलेली नाही. एकवीसपैकी वीस पडदे माझे आहेत. बारावा, तार जिथं बरोबर निम्मी होते तो, तुमचा आहे. तोही काढायचाच होता. सुरी लावली होती. छेडून पाहिला, पुन्हा पाहिला, दोन दिवस त्यात खोट शोधली, आणि सुरी खाली ठेवली. तसा पडदा मला अजून बसवता येत नाही.